नट ढिला असता तर

आमच्या हॉटेलात तिला सगळे मावशी म्हणायचे. तिचं खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं आणि ते रजिस्टर माझ्याच टेबलावर असायचं. पण खरं सांगते, माझ्याही तोंडात मावशीच बसलं होतं. सफाईवाली बाई म्हटली की मावशी. कुणाची मावशी, असं कुणी विचारत नाही.

मी काउंटरवर बसायचे. माझ्या पाठीमागे एक खिडकी होती, तिच्यातून मागचं अंगण दिसायचं. अंगणात लाकडी चौथऱ्यावर पाच हॉट टब होते. आमच्या हॉटेलात नाव घेण्यासारखं तेवढंच होतं. खोल्या यथातथा, गाद्यांबद्दल न बोललेलं बरं. पण कंबर धरलेली, प्रवासानं आंबलेली माणसं त्या गरम, फेसाळत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसायची आणि जाताना पुढच्या वेळचं बुकिंग करून जायची.

हे टब दर काही आठवड्यांनी रिकामे करून, घासून पुन्हा भरावे लागतात. ते मावशीचं काम. पण भरल्यावर एक भानगड असते. पाणी उपसलं की नळ्यांत आणि पंपाच्या पोटात हवा शिरते, आणि वरून कितीही पाणी भरा, ती तिथंच अडून बसते. मग बटण दाबलं की पंप नुसता गुणगुणतो, पाणी काही हलत नाही. पाणी हललं नाही की हीटर लागत नाही. आणि तो पंप तसाच कोरडा फिरत राहिला तर आतलं सील जळतं आणि पंपाचा कारभार आटोपतो. आम्ही म्हणायचो, पंपानं हवा धरली.

पूर्वी ही हवा काढायला बाहेरून एक म्हातारा मेकॅनिक यायचा. तो आला की मावशी बादली घेऊन उगाच शेजारी रेंगाळायची. बघून बघून शिकली. पुढे म्हाताऱ्याचे गुडघे गेले, त्याचं येणं थांबलं, आणि कुणी काही न ठरवता ते काम मावशीच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं म्हणते खरी, पण तिला ते मनापासून आवडायचं.

तिची रीत मला पाठ झाली होती. टब भरताना ती पाइप कधी काठावरून सोडायची नाही. आधी फिल्टर काढायचा आणि त्या भोकात पाइपचं तोंड खुपसायचं. म्हणजे पाणी नळ्यांतून चढत जातं आणि हवेला पुढे रेटतं. वेळ जास्त लागतो, पण हवा कमी उरते. टब भरला की भिंतीवरचा मेन स्विच बंद आहे ना ते दोनदा बघायची, बाजूची फळी काढायची आणि सरळ पोटावर आडवी व्हायची. हात आत घालून पंपाच्या तोंडावरचा जाड प्लास्टिकचा नट पाव फेरा ढिला करायची. सूं करून हवा सुटायची. मग फुर्र फुर्र करत थोडं पाणी, थोडी हवा. तो फुरफुराट थांबून पाण्याची सलग धार लागली की नट पुन्हा घट्ट, तोही हातानंच. पाना लावला तर प्लास्टिकचे आटे जातात, हे ती मला उगाचच सांगायची, जणू उद्या मीच ते करणार होते.

"पंपातली हवा काढणं सोपं गं," ती म्हणायची. "माणसाच्या डोक्यात गेली तर कुठला नट ढिला करायचा?" आणि स्वतःच्याच विनोदावर स्वतःच हसायची.

अकरा वर्षांत तिच्या हातून एकही पंप जळला नाही. हे कुठं लिहिलेलं नाही. न जळलेल्या पंपाची नोंद कोण ठेवतो?

तिचा नवरा लग्नानंतर सातव्या वर्षी, कामावर असतानाच, छातीत कळ येऊन गेला. मूलबाळ नव्हतं. चपला दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या वर तिच्या दोन खोल्या होत्या. धाकटी बहीण लांबच्या गावात राहायची. तिचा मुलगा शाळा संपवून तांत्रिक शिक्षणाला आला, आणि त्याचं कॉलेज मावशीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. मग तो तिच्याकडेच राहिला. आतली खोली त्याला देऊन मावशी स्वयंपाकघरात पथारी टाकायची. चार वर्षं. "माझा पोरगा" म्हणूनच ती त्याच्याबद्दल बोलायची. परीक्षेत किती मार्क पडले, काल काय खाल्लं, ताप आला, उतरला, सगळं मला माहीत. बघितलं मात्र मी त्याला कधीच नव्हतं.

एके दिवशी हेड ऑफिसचं पत्र आलं की यापुढे टब आणि पंप हाताळायला प्रमाणपत्रवाला तंत्रज्ञ हवा. मॅनेजरनं ते सगळ्यांना वाचून दाखवलं. आमचा मॅनेजर वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

मावशी हात पुसत पुढे झाली. अकरा वर्षांत तिनं पहिल्यांदाच काही मागितलं.

"साहेब, ते काम मीच करते की."

"करता हो मावशी. पण आता प्रमाणपत्र लागतं."

"ते कुठं मिळतं?"

"दोन वर्षांचा कोर्स असतो. त्याला शाळा पूर्ण झालेली लागते."

मावशीची शाळा चौथीतच सुटलेली. "मग पुढच्या जन्मी बघू," ती म्हणाली आणि ब्रश उचलून निघून गेली.

त्याच संध्याकाळी तिनं घरी भाच्याला ही जागा सांगितली. त्याच्याकडे ते प्रमाणपत्र होतं आणि वर्षभर नोकरी नव्हती. मुलाखतीच्या आधी दोन दिवस स्वयंपाकघरात बसवून तिनं त्याच्याकडून सगळं घोकून घेतलं. पाइप कुठं खुपसायचा, नट किती फिरवायचा, आवाज कुठला खरा आणि कुठला फसवा. हे मला फार पुढे कळलं. मला तेव्हा एवढंच दिसलं की चोवीस-पंचविशीचा एक इस्त्रीच्या शर्टातला पोरगा आला, त्यानं मॅनेजरला हवेबद्दल असं काही सांगितलं की तो खूश झाला, आणि सोमवारपासून पोरगा कामाला लागला.

सोमवारी सकाळी तो मावशीच्या समोरून आला आणि म्हणाला, "मावशी, अंगणाची चावी तुम्ही ठेवता ना?"

मावशीनं मागे वळून बघितलं. "मला वाटलं, माझ्या मागं कुणी उभं आहे," तिनं पुढे मला सांगितलं. घरात तो तिला अगं-तुगं करायचा. आईला करतात तसं.

घरी त्यानं तिला आधीच समजावलं होतं. नात्यातला म्हटलं की लोक म्हणतील, वशिल्यानं लागला.

"सफाईवालीचा कसला आलाय वशिला?" मावशी हसली होती.

"तसं नाही गं. पण तिथं सगळेच तुला मावशी म्हणतात. मीही म्हणेन. खोटं थोडंच आहे?"

मावशीला ते पटलं. निदान पटलं असं तिनं ठरवलं.

मॅनेजरनं तिला बजावलं, आता फक्त घासायचं, नटाला हात लावायचा नाही. भाच्यानंही ते सगळ्यांसमोर बजावलं, "तुम्ही"च्या आदरासकट. तीन महिन्यांत तो तिच्या घरातून हलला. कामाच्या जवळ खोली घेतली म्हणे. आणि तरीही एखादा पंप हवा सोडेनासा झाला की मी जेवायला उठायची वेळ बघून तो तिला हळूच बोलावून घ्यायचा. एकदा मी डबा विसरले म्हणून परत आले, तर खिडकीतून दिसलं. मावशी पोटावर आडवी, हात खांद्यापर्यंत फळीच्या आत, आणि हा खिशात हात घालून दाराकडे लक्ष ठेवून उभा.

नातं मला कळलं ते एका अपघातानं. एका टबाचा जोड सुटला आणि कढत पाण्याची पिचकारी थेट मावशीच्या दिशेनं आली. हा धावला, तिच्या दंडाला धरून तिला ओढलं आणि ओरडला, "मावशे, सर ना तू! भाजशील!" सफाईवालीला असं कुणी म्हणत नाही. त्या "मावशे"त सगळं घर होतं. दुपारी मी तिला गाठलं. ती तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "माझ्या सख्ख्या बहिणीचा. कुणाला बोलू नकोस हं." डोळ्यांत पाणी होतं आणि ते भाजल्याचं नव्हतं. त्या दिवशी ती फार खुशीत होती.

मग तो शुक्रवार आला. सायकलस्वारांचा तीस जणांचा गट संध्याकाळी पोचणार होता आणि त्यांनी पाचही टब घेतले होते. तीन तयार होते. उरलेले दोन मावशीनं सकाळी घासून ठेवले आणि ती तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्या आवरायला गेली. भरायचं काम त्याचं.

मी वळून बघितलं तेव्हा त्यानं दोन पाइप दोन टबांत काठावरून सोडून दिले होते आणि फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होता. टब भरले. त्यानं फळीही काढली नाही. स्विच लावले, बटणं दाबली, आणि बोलत बोलतच फाटकाबाहेर गेला. चहाला गेला असेल.

पंप गुणगुणू लागले. त्या आवाजाचा अर्थ मला कळत नव्हता असं मी म्हणू शकत नाही. अकरा वर्षं मी त्या खिडकीला पाठ लावून बसले होते. पाणी हलत असलं की आवाज भरदार असतो, हा पोकळ होता. मी दोनदा वळून बघितलं, तिसऱ्यांदाही बघितलं. उठून मेन स्विच बंद करायला चाळीस पावलं. पण समोर एक गिऱ्हाईक उभं होतं, आणि मी म्हटलं, तो शिकलेला आहे, आपल्याला काय करायचंय? हे वाक्य मी मनातल्या मनात, अगदी शब्दशः, म्हटलं होतं.

दीड तासानं जळक्या रबराचा वास काउंटरपर्यंत आला. दोन्ही पंप गेले होते. सायकलवाले आले, भांडले, अर्धे दुसरीकडे गेले, आणि हेड ऑफिसचा फोन मॅनेजरनं उभं राहून घेतला.

शनिवारी सकाळी मॅनेजरच्या खोलीत आम्ही चौघं. तो, मॅनेजर, मावशी, आणि लिहून घ्यायला मी.

"काय झालं असेल तुमच्या मते?" मॅनेजरनं त्याला विचारलं.

त्याचा चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा होता. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "मावशींनी सकाळी घासताना नट ढिला करून ठेवला असणार. त्यांना सवय आहे. पाणी गळून गेलं आणि पंप कोरडा पडला."

मावशी बोलली ते त्याच्याशी नाही, मॅनेजरशी.

"साहेब, नट ढिला असता तर पंप वाचला असता. ढिल्या नटातूनच तर हवा निघते. नट घट्ट होता, हवा आत होती, म्हणून जळला. आणि पाणी गळलं असतं तर फळीमागची जागा ओली नसती? मी आत्ता हात घालून आले. कोरडी ठणठणीत आहे. तुम्ही घालून बघा."

इतकं सरळ, इतकं बिनतोड बोलणं त्या खोलीत कधी झालं नसेल. मॅनेजरला समजलं. मला तर आधीच माहीत होतं. मॅनेजरनं त्याच्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

"प्रमाणपत्र माझ्याकडे आहे, सर," तो म्हणाला. "त्यांचं ऐकायचं की माझं, ते तुम्ही ठरवा."

मॅनेजरनं पेन उघडलं, बंद केलं. तंत्रज्ञ चुकला म्हटलं तर त्याला निवडणारा चुकला. सफाईवाली चुकली म्हटलं तर विषय तिथंच संपतो. तो हे मोठ्यानं बोलला नाही, पण खोलीत ते सगळ्यांनाच ऐकू आलं.

"मावशी, मी काही तुम्हाला काढत नाही," तो म्हणाला. "फक्त चूक झाली म्हणून सही करा. वर पाठवायला कागद लागतो मला."

तो कागद मी टाइप केला. 'सफाई कर्मचारी महिलेने अधिकार नसताना पंपाच्या जोडणीस हात लावल्याने' असं वाक्य होतं. मावशी म्हणाली, वाचून दाखव. मी वाचून दाखवलं. शेवटपर्यंत आवाज नीट राहिला माझा, त्याची अजून लाज वाटते.

मावशी भाच्याकडे वळली. त्या दिवसात पहिल्यांदाच.

"साहेब, तुम्ही सांगा. करू सही?"

त्यानं मान वर केली. मला वाटलं, आता हा फुटणार. तिनं त्याला "तुम्ही" म्हणणं हे त्याला कुठं तरी लागलं होतं, ते दिसलं मला. ओठ हलले. आणि मग तो म्हणाला, "करा."

तिनं सही केली. चौथीतल्या अक्षरात, एकेक काना नीट देत, पूर्ण नाव. मग पेन मॅनेजरच्या पुढ्यात ठेवलं, कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडून कागदावर ठेवला आणि म्हणाली, "उद्यापासून येत नाही." कुणी थांबवलं नाही. मीही नाही.

पुढचं थोडक्यात. त्यानं सहा महिन्यांत आमच्याकडची नोकरी सोडली आणि एका मोठ्या हॉटेलात गेला. आता तिथला प्रमुख आहे. ऐकते ते असं की काम उत्तम करतो, घाई करत नाही, हाताखालच्यांना नीट शिकवतो. वाईट माणसाचं वाईट झालं असं सांगता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आमच्या टबांची नवे पंप येऊनही घडी बसली नाही. शेवटी ते काढून चौथऱ्यावर टेबलखुर्च्या मांडल्या. मॅनेजरला बढती मिळाली. मी आहे तिथंच आहे.

दोन वर्षांनी मी मावशीला शोधत गेले. ती एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात लागली होती. तळघरात ओळीनं मोठी यंत्रं, वाफेनं ओल्या झालेल्या भिंती, आणि मध्ये लांब टेबलावर चादरींचे ढीग. मला बघून ती चकित झाली नाही. "बस," म्हणाली, आणि चादरी आवरता आवरता सगळं सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. मुलाखतीआधीची घोकंपट्टी, "तुम्ही"चा तो पहिला सोमवार, सगळं तेव्हाच ऐकलं मी.

बहीण आली होती म्हणे, सहीनंतर तिसऱ्या दिवशी. फळांची पिशवी घेऊन.

"त्याची चूक झाली ताई, मला माहितीये," बहीण म्हणाली. "पण त्याचं सगळं आयुष्य पुढं आहे. तुझं आता काय राहिलंय?"

"माझं काही राहिलं नाही म्हणून माझ्यावर घातलं होय?"

"असं कसं बोलतेस? चार वर्षं सांभाळलंस ना त्याला?"

"सांभाळलं. म्हणून तर विचारतेय."

मग बहीण रडली, आणि रडता रडता म्हणाली, "तुझ्या पोटचा असता तर एवढं मनाला लावून घेतलं असतंस का?"

मावशीनं फळांची पिशवी उचलून तिच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं. "तुझी बस निघेल," एवढंच म्हणाली. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. भाच्याचं लग्न झालं, मुलगी झाली. ते तिला तिसऱ्याकडून कळलं.

माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, तो कागद मी टाइप केला. त्याबद्दल मला..."

"कागदाचं काय गं. तुला सांगितलं, तू केलास." तिनं एक चादर झटकली. "पण तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीतून तुझी खिडकी दिसते. टब नाही दिसत, झाड आडवं येतं. तू दिसत होतीस. तीनदा वळून बघितलंस तू. मी म्हटलं, काय बघते ही एवढं? खाली येऊन बघावं म्हटलं, पण दोन खोल्या राहिल्या होत्या." ती थांबली. "आणि शनिवारी साहेबांच्या खोलीत मला वाटलं होतं, पोरगा नाही तर नाही, तू तरी बोलशील. तू वहीत बघत होतीस."

यंत्र थांबलं. तिनं गरम चादरींचा नवा ढीग टेबलावर ओतला, एकीची दोन टोकं माझ्या हातात दिली आणि दोन स्वतः धरली. आम्ही समोरासमोर उभ्या राहून घड्या घातल्या. चार की पाच चादरी झाल्या. एकदा ती म्हणाली, "कोपरे जुळव नीट," तेवढंच.

मग मी पर्स उचलली आणि म्हटलं, "येते हं."

"जा," ती म्हणाली.